लेबनॉनच्या महिला फुटबॉलपटूची कारकीर्द नेमकी कुठे सापडते? मोफत सेवांची झाडाझडती

लेबनॉनच्या महिला राष्ट्रीय संघातली कुठलीही खेळाडू घ्या आणि दोनच प्रश्न विचारा. देशाकडून किती सामने? किती गोल? पुरुष खेळाडूबद्दल हे विचारलं तर उत्तर पाच मिनिटांत मिळतं. इथे मात्र प्रत्येक संकेतस्थळ वेगळा आकडा सांगतं आणि सगळीच छातीठोकपणे सांगतात. म्हणून हा आढावा सेवांचा आहे. विकिपीडिया, त्याचा यंत्राला वाचता येणारा माहितीसाठा विकिडेटा, सॉकरवेसारखे आकडेकोश, जर्मनीचं सॉकरडोना, फुटबॉलचे निकाल जपणारी आरएसएसएसएफ ही संघटना आणि महासंघांची स्वतःची पानं यांपैकी कशावर किती भरवसा ठेवायचा, आणि कोण कुठे गंडतं, एवढंच इथे पाहायचं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो: खेळाडूच्या नावाने पान उघडून आकडा उचलणं ही यातली सर्वांत वाईट पद्धत आहे. आधी सामन्यांची यादी करायची, मग त्या सामन्यांत खेळाडू होती का ते तपासायचं. या कसोटीवर दिसायला सर्वांत देखण्या सेवा मागे पडतात आणि कळकट दिसणारी एक पुढे येते.

काम आवाक्यातलं आहे, कारण इतिहास फार लांबचा नाही. लेबनॉनचा फुटबॉल महासंघ १९३३चा असला तरी महिला संघाचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना एप्रिल २००६ मध्ये, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात अरब स्पर्धेत झाला. अल्जीरियाने तो १२–० असा जिंकला. देशातली महिला लीग २००७–०८ मध्ये सुरू झाली. म्हणजे एकूण एक सामना इंटरनेटच्या काळातला आहे. जुनी वर्तमानपत्रं चाळायला बैरूत गाठावं लागत नाही. अडचण उलटी आहे: जे एकेकाळी इंटरनेटवर होतं त्यातलं बरंच आता तिथे नाही.

विकिपीडिया: तळटिपांसाठी उत्तम, आकड्यांसाठी बेताचा

इंग्रजी विकिपीडियावर लेबनॉनच्या बऱ्याच महिला खेळाडूंची पानं आहेत. सुरुवात इथूनच करावी, पण पान खालून वर वाचावं. आधी तळटिपा, मग मजकूर, आणि उजवीकडची माहितीचौकट सर्वांत शेवटी.

चौकटीतला क्लबचा आकडा फक्त देशांतर्गत लीगचा असतो. चषक स्पर्धा, पश्चिम आशियाई क्लब स्पर्धा, आशियाई चॅम्पियन्स लीग यांतले गोल त्यात येत नाहीत. चौकटीच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘अमुक तारखेपर्यंत’ असं लिहिलेलं असतं आणि क्लबची तारीख व राष्ट्रीय संघाची तारीख वेगवेगळी असते. क्लबचा आकडा चालू हंगामाचा आणि देशाचा आकडा दोन वर्षांपूर्वीचा, असं चित्र सर्रास दिसतं. कुणीतरी हौशी संपादकाने गोल वाढवला पण तारीख बदलायला विसरला, किंवा उलट, हाही नेहमीचाच प्रकार. पानाचा ‘इतिहास’ उघडून शेवटच्या पाच-दहा बदलांवर नजर टाकली की ते कळतं. आकड्याची जागा कोरी असेल तर त्या संपादकाला धन्यवाद द्यावेत. माहीत नसताना शून्य लिहिण्यापेक्षा कोरं सोडणं केव्हाही प्रामाणिक.

राष्ट्रीय संघासाठीच्या गोलांचा तक्ता असला तर तो चौकटीपेक्षा कितीतरी उपयोगी, कारण त्यात तारीख, मैदान, प्रतिस्पर्धी आणि स्पर्धा असते. तो वाचताना एक खुबी लक्षात ठेवावी. ‘स्कोअर’च्या रकान्यात तिचा गोल झाल्या क्षणीची स्थिती असते, तर ‘रिझल्ट’च्या रकान्यात अंतिम निकाल. दोन्हीकडे लेबनॉनचा आकडा आधी लिहितात, सामना कुठेही झालेला असो. एकाच सामन्यात दोन गोल असतील तर दोन ओळी असतात. ओळी मोजा आणि चौकटीशी ताडून पाहा. जुळत नसेल तर तक्ता खरा धरा, कारण त्यातली प्रत्येक ओळ तपासता येते.

एक ताजा बदलही ठाऊक असायला हवा. २०२२ पर्यंत इंग्रजी विकिपीडियावर वरिष्ठ आंतरराष्ट्रीय सामना खेळलेली व्यक्ती जवळजवळ आपोआप ‘उल्लेखनीय’ ठरायची. त्या वर्षी खेळाडूंबाबतचा हा केवळ सहभागाचा निकष काढून टाकला गेला. आता तिच्याविषयी स्वतंत्र माध्यमांत पुरेसं लिखाण असावं लागतं. लेबनॉनच्या महिला फुटबॉलबद्दल इंग्रजीत मुळात लिहिलंच कमी जातं. त्यामुळे दोन-तीन ओळींचं पान काढलं जाण्याचा धोका खरा आहे. उपयोगाचं पान सापडलं की जुनी वेबपानं जपणाऱ्या वायबॅक मशीन या सेवेवर त्याची प्रत साठवून ठेवावी. ‘सेव्ह पेज नाऊ’ या चौकोनात पत्ता चिकटवायचा, एवढंच काम आहे.

विकिडेटाबद्दल थोडक्यात. तिथे खेळाडू कुठल्या संघाची हे पी ५४ या गुणधर्मात असतं. त्याला जोडून सुरुवात पी ५८० मध्ये, शेवट पी ५८२ मध्ये, सामने पी १३५० मध्ये आणि गोल पी १३५१ मध्ये. यंत्राला वाचायला सोयीचं आहे, पण हे आकडे बहुधा कुठल्यातरी विकिपीडियावरून यंत्राने ओढलेले असतात. म्हणून विकिपीडियाला दुजोरा देणारा दुसरा साक्षीदार म्हणून विकिडेटा धरू नये. तो त्याच साक्षीदाराचा प्रतिध्वनी असतो. खरा उपयोग पानाच्या तळाशी असलेल्या ओळखक्रमांकांचा. एकाच खेळाडूची निरनिराळ्या आकडेकोशांतली पानं तिथून एका झटक्यात सापडतात. नावाच्या स्पेलिंगशी झटापट करावी लागत नाही, हे या विषयात फार मोठं सुख आहे.

मराठी विकिपीडियावर लेबनॉनच्या खेळाडूवर लेख लिहू पाहणाऱ्यांना एक विनंती. इंग्रजी चौकट जशीच्या तशी उचलू नका. इंग्रजीतला आकडा कुणीतरी सुधारत राहतो, मराठीतला तसाच गोठून राहतो. सामने-गोल लिहायचेच असतील तर ‘अमुक तारखेपर्यंत’ हे शब्द वाक्यातच घाला.

आकडेकोश: शून्याची गंमत

सॉकरवे आणि ग्लोबल स्पोर्ट्स आर्काइव्ह या दोन सेवांवर महिलांच्या आशियाई पात्रता फेऱ्या सापडतात. चांगली बाजू अशी की जिथे संघयादी भरलेली आहे तिथे सुरुवातीच्या अकरा जणी, बदली खेळाडू, मिनिटं, कार्डं असं सगळं मिळतं. खेळाडूच्या नावावर टिचकी मारली की तिची हंगामवार ओळ दिसते.

गडबड नेमकी इथेच होते. खेळाडूच्या पानावरची बेरीज फक्त त्या सामन्यांची असते ज्यांची संघयादी त्या सेवेकडे आहे. निकाल आहे पण यादी नाही, असे सामने बेरजेत येतच नाहीत, आणि पान मात्र ‘इतके सामने उपलब्ध नाहीत’ असं सांगत नाही. दहा वर्षं देशाकडून खेळलेल्या खेळाडूच्या नावापुढे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सामने दिसतात ते यामुळे. तपासायची रीत सोपी आहे. खेळाडूचं पान सोडा, लेबनॉन महिला संघाचं पान उघडा, निकालांची यादी घ्या आणि एकेक सामना उघडून संघयादी आहे की नाही एवढीच खूण करा. यादी नसलेले सामने निघाले की या सेवेचा आकडा ‘किमान इतके’ म्हणून वापरायचा, ‘एकूण’ म्हणून नाही.

दुसरी गफलत क्लबांची. बैरूतच्या सफासारख्या क्लबाचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ आहेत. शोधचौकटीत क्लबाचं नाव टाकलं की आधी पुरुषांचं पान येतं, आणि एखाद्या महिला खेळाडूच्या ओळीत त्याच पानाचा दुवा लागलेला असू शकतो. फक्त महिला फुटबॉलमुळे ओळखल्या जाणाऱ्या एसएएस किंवा ईएफपी या क्लबांच्या बाबतीत हा घोळ होत नाही. आद्याक्षरांच्या नावांचा मात्र वेगळाच त्रास: एसएएस शोधलं की विमान कंपनी येते. शोधताना सोबत ‘लेबनॉन’ आणि हंगाम टाकावाच लागतो.

तिसरी गफलत फुटसालची. लेबनॉनमध्ये अनेक खेळाडू मैदानी फुटबॉल आणि फुटसाल असे दोन्ही खेळतात, आणि देशाचा महिला फुटसाल संघही वेगळा आहे. बातमीत नुसतं ‘राष्ट्रीय संघाकडून गोल’ असतं. बंदिस्त क्रीडागृहात, पाच-पाच जणींत झालेला तो गोल अकरा जणींच्या संघाच्या खात्यात जमा करायचा नसतो. गोलसंख्या अचानक फुगलेली दिसली आणि मैदानाच्या जागी बंदिस्त क्रीडागृहाचं नाव असलं की समजून जावं.

जन्मतारखेचं एक. १ जानेवारी दिसली की शंका घ्या. फक्त वर्ष माहीत असताना दिवस-महिन्याच्या जागी यंत्र काहीतरी भरतं, ते बहुतेकदा हेच असतं.

पुरुष खेळाडूंसाठी ज्याच्यावर सगळे विसंबतात त्या नॅशनल फुटबॉल टीम्स या संकेतस्थळाचा इथे उपयोग नाही. ते पुरुषांपुरतं आहे. त्याऐवजी सॉकरडोना पाहा. हे जर्मन संकेतस्थळ फक्त महिला फुटबॉलचं आहे. खेळाडू युरोपातल्या क्लबात गेली असेल तर तो टप्पा इथे नीट मिळतो. बैरूतमधला आधीचा टप्पा शोधायला इथे वेळ घालवू नका.

आरएसएसएसएफ: दिसायला ओबडधोबड, कामाला पक्कं

जानेवारी १९९४ मध्ये स्थापन झालेली ही स्वयंसेवकांची संघटना. पानं साध्या टंकात, चित्रं नाहीत, खेळाडूचं स्वतंत्र पान नाही, नावावर टिचकी मारायची सोय नाही. मोबाइलवर ओळी तुटतात, म्हणून संगणकावरच उघडा. तरीही या कामासाठी आमची पहिली पसंती हीच. कारण इथे एकक आहे सामना. स्पर्धेचं पान उघडलं की तारीख, ठिकाण, निकाल, आणि बऱ्याच सामन्यांत गोल करणाऱ्यांची नावं मिनिटांसह मिळतात. पश्चिम आशियाई महिला स्पर्धा, अरब स्पर्धा, आशियाई पात्रता फेऱ्या अशी एकेका स्पर्धेची पानं काढली की लेबनॉनच्या सामन्यांचा सांगाडा एका बैठकीत उभा राहतो.

वाचताना काही संक्षेप ठाऊक हवेत. ‘एन/पी’ म्हणजे सामना झालाच नाही. ‘एबीडी’ म्हणजे मध्येच थांबवला. ‘एडब्ल्यूडी’ म्हणजे निकाल मैदानाबाहेर बहाल केला, बहुधा ३–० असा. बहाल केलेल्या सामन्यातले ते तीन गोल कुणाच्याच नावावर नसतात, म्हणून संघाचे गोल आणि खेळाडूंच्या गोलांची बेरीज यांचा मेळ बसत नाही. चूक शोधत डोकं फोडण्याआधी ही शक्यता पाहून घ्या.

प्रत्येक पानाच्या तळाशी लेखकाचं नाव आणि शेवटच्या दुरुस्तीची तारीख असते. श्रेय देऊन मजकूर वापरायची परवानगीही तिथेच लिहिलेली असते. मर्यादा एकच, पण मोठी. पूर्ण संघयाद्या क्वचितच असतात. म्हणजे गोल मिळतील, सामन्यांची संख्या मिळणार नाही. आघाडीच्या खेळाडूचं काम होतं. गोलरक्षक किंवा बचावपटूचं अडतं.

ती उणीव भरायला अधिकृत पानांकडे जावं लागतं. आशियाई महासंघाच्या स्पर्धांचे सामना-अहवाल त्यातल्या त्यात भरवशाचे. उदाहरणार्थ, २०२६च्या आशिया चषकाच्या पात्रता फेरीत लेबनॉन अ गटात होता. जॉर्डन, इराण, सिंगापूर आणि भूतान हे बाकीचे संघ, सामने २०२५च्या उन्हाळ्यात जॉर्डनमध्ये, आणि गटातून इराण पुढे गेला. अशा गटाचे सामने एकेक करून उघडले की संघयादी हाती येते. याआधीच्या, ऑक्टोबर २०२१च्या पात्रता फेरीत लेबनॉनच्या गटात म्यानमार, संयुक्त अरब अमिरात आणि ग्वाम होते. म्यानमार पुढे गेला आणि मुख्य स्पर्धा जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाली. मराठी क्रीडापत्रकारांनी त्या स्पर्धेवर भरभरून लिहिलं, पण लेबनॉनचा संघ तिथे नव्हता. तरीही ‘आशिया चषक २०२२’ एवढ्या शीर्षकाखाली पात्रता फेरीचे गोल मांडलेले पाहून लेबनॉनची खेळाडू बालेवाडीत खेळली असं कुणी लिहिलं तर ते साफ चुकीचं.

फिफाच्या संकेतस्थळाचा उपयोग मर्यादित. क्रमवारी पाहायला ठीक, आणि एखादा मैत्रीपूर्ण सामना अधिकृत धरला गेला का याचा अंदाज घ्यायलाही. पश्चिम आशियाई महासंघाच्या आणि लेबनॉनच्या महासंघाच्या बाबतीत संकेतस्थळापेक्षा त्यांची समाजमाध्यमांवरची पानं आधी पाहा. संघयाद्या तिथे चित्राच्या रूपात पडतात, म्हणून शोधयंत्राला त्या दिसत नाहीत. सामन्याच्या तारखेपर्यंत मागे जायचं, चित्र उतरवून घ्यायचं आणि गुगल लेन्सने त्यातली अरबी अक्षरं मजकुरात आणायची. पाठीवरचे आकडे अरबी अंकांत असतील तर हाताने तपासा. तिथला पाच आपल्या शून्यासारखा दिसतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका.

मेलेले दुवे आणि नावांची स्पेलिंगं

इंग्रजी तळटिपांपैकी पुष्कळ द डेली स्टार या बैरूतच्या दैनिकाकडे जातात. ते २०२१ मध्ये बंद पडलं. अरबी दैनिक अस-सफीर त्याआधी, २०१६ अखेर बंद झालं. मधल्या काळात देशाने काय पाहिलं ते वेगळं सांगायला नको: ऑक्टोबर २०१९ पासूनची आंदोलनं आणि आर्थिक कोसळण, ४ ऑगस्ट २०२०चा बंदरातला स्फोट, २०२४चं युद्ध. पुरुषांची २०१९–२०ची लीग तीन फेऱ्यांनंतर रद्द झाली होती. खेळाडूच्या ओळीत एखादा हंगाम रिकामा दिसला तर आधी दुखापत किंवा निवृत्ती गृहीत धरू नये. त्या वर्षी देशात सामने झाले का, हे पाहावं. नोव्हेंबर २०२४ मध्ये २० वर्षांखालील राष्ट्रीय संघाची एक तरुण मध्यरक्षक बैरूतवरच्या हल्ल्यात डोक्याला मार लागून गंभीर जखमी झाली. आकडेकोशात अशा गोष्टीसाठी रकाना नाही. तिथे नुसती कोरी जागा दिसते.

मेलेला दुवा वायबॅक मशीनमध्ये टाकला की बऱ्याचदा जिवंत होतो. दिनदर्शिकेत बातमीच्या तारखेच्या जवळची प्रत निवडावी. शेवटची प्रत अनेकदा ‘पान सापडले नाही’ याचीच असते. फ्रेंच दैनिक लोरियाँ-ल जूर आणि अरबी अन-नहार चालू आहेत. महिला फुटबॉलवर दोन्हींत मजकूर थोडा, पण जो आहे तो कामाचा.

शोध फ्रेंच, इंग्रजी आणि अरबी अशा तीन भाषांच्या वळणांनी करावा लागतो. लेबनॉनमध्ये नावं फ्रेंच वळणाने लिहायची पद्धत आहे. ‘श’साठी सी-एच, ‘ऊ’साठी ओ-यू. आशियाई महासंघाच्या यादीत तेच नाव इंग्रजी वळणाने एस-एच आणि यू असं येऊ शकतं. आडनावाआधीचं ‘अल’ कधी ‘एल’ होतं, कधी जोडून येतं, कधी गळतं. म्हणून खेळाडूचं नाव अरबी लिपीत एकदा मिळवून ठेवणं हा सर्वांत स्वस्त उपाय. अरबी विकिपीडियाचं पान किंवा विकिडेटा यांपैकी एका ठिकाणी ते मिळतं. त्यानंतर त्या नावासोबत क्लबाचं अरबी नाव जोडून शोधा. नुसतं नाव टाकलं तर त्याच नावाची एखादी निवेदिकाच वर येते.

कुठला सामना मोजायचा?

सेवांमधले मतभेद शेवटी इथे येऊन ठेपतात. त्यांची चूक नसतानाही आकडे वेगळे येतात, कारण प्रत्येकाने ‘वरिष्ठ आंतरराष्ट्रीय सामना’ वेगळ्या रेषेने कापलेला असतो.

सर्वांत महागात पडणारी चूक ऑलिंपिक पात्रतेची. पुरुषांत ऑलिंपिक म्हणजे २३ वर्षांखालील संघ. ते सामने वरिष्ठ खात्यात जात नाहीत. महिलांत वयाची अट नाही, म्हणून ऑलिंपिक पात्रतेचे सामने पूर्ण वरिष्ठ सामने असतात. पुरुषांचा नियम डोक्यात ठेवून यादी करणारा माणूस ते सगळे सामने वगळून टाकतो. आकडा तीन-चारने कमी दिसला की सर्वांत आधी हेच तपासा.

मैत्रीपूर्ण सामन्यांत बदली खेळाडूंची संख्या पाहावी. वरिष्ठ मैत्रीपूर्ण आंतरराष्ट्रीय सामन्यात बराच काळ सहाच बदल चालत, अलीकडे ती मर्यादा वाढली. सरावाच्या ओघात प्रशिक्षकांनी त्या वेळच्या मर्यादेपेक्षा जास्त जणी बदलल्या असतील तर तो सामना अधिकृत धरला जात नाही, मग दोन्ही महासंघांनी कितीही छायाचित्रं टाकलेली असोत. क्लबाविरुद्धचे सराव सामनेही मोजायचे नाहीत. निर्णायक पेनल्टींतले गोल खेळाडूच्या नावावर चढत नाहीत, चालू खेळातल्या पेनल्टीचा गोल चढतो. १५, १८ आणि २० वर्षांखालील सामने पूर्णपणे वेगळ्या रकान्यात. लेबनॉनने पश्चिम आशियातली १८ वर्षांखालील मुलींची स्पर्धा जिंकली तेव्हा त्या मुलींबद्दल भरपूर लिहून आलं, आणि त्यातल्या काही जणी लवकरच वरिष्ठ संघात आल्या. एकाच खेळाडूच्या दोन्ही पातळ्यांवरच्या गोलांची खिचडी तिथूनच शिजते.

एका सामन्याने काय फरक पडतो, असं वाटेल. २०२०च्या फिफाच्या सुधारित नियमांनुसार देश बदलायचा असेल तर, इतर अटींसोबत, २१ वर्षं पूर्ण होण्याआधी खेळलेले वरिष्ठ सामने तीनपेक्षा जास्त नसावे लागतात आणि शेवटच्या सामन्याला तीन वर्षं झालेली असावी लागतात. परदेशी वाढलेल्या लेबनीज खेळाडूच्या खात्यात तीन आहेत की चार, हा मग कारकिर्दीचाच प्रश्न होतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जर्मनीत लेबनीज वस्ती मोठी आहे, पण दार सर्वांना उघडं नाही. १९२५च्या कायद्यानुसार नागरिकत्व वडिलांकडून मिळतं. आई लेबनीज आणि वडील परदेशी असतील तर मुलीला सहसा मिळत नाही. त्यामुळे ‘लेबनीज वंशाची’ एवढ्यावरून कुणाला संभाव्य राष्ट्रीय खेळाडू ठरवू नये. तसंच लेबनॉनमध्ये जन्मलेल्या पॅलेस्टिनी निर्वासित कुटुंबांतल्या मुली लेबनॉनच्या क्लबांतून खेळतात, पण राष्ट्रीय संघ त्यांचा पॅलेस्टाइनचा असतो. क्लबावरून देश ठरवणाऱ्या यंत्राला हे कळत नाही.

अमेरिकी विद्यापीठातून खेळलेल्या खेळाडूची आकडेवारी सर्वांत नीटनेटकी सापडते, आणि सर्वांत चुकीची वापरली जाते. विद्यापीठाच्या तक्त्यात ‘जीपी’ म्हणजे खेळलेले सामने, ‘जीएस’ म्हणजे सुरुवातीपासून खेळलेले. ‘पॉइंट्स’ हा रकाना गोलांचा नाही. एका गोलाला दोन आणि गोलसाहाय्याला एक असा तो हिशेब. तीन गोल आणि दोन साहाय्य म्हणजे आठ. ते ‘आठ गोल’ म्हणून मराठीत येऊ देऊ नका. तिथे बाहेर गेलेली खेळाडू काही मर्यादेत पुन्हा मैदानात येऊ शकते, म्हणून मिनिटांची तुलना क्लब फुटबॉलशी करता येत नाही. हंगामही एकाच वर्षात, ऑगस्टपासून वर्षअखेरीपर्यंत संपतो, तर लेबनॉनचा हंगाम दोन वर्षांवर पसरतो.

सौदी अरेबियाची महिला प्रीमियर लीग २०२२–२३ मध्ये सुरू झाल्यापासून खेळाडूंसाठी जवळचाच एक व्यावसायिक पर्याय उभा राहिला. या टप्प्याचे आकडे बैरूतच्या टप्प्यापेक्षा सहज मिळतात, म्हणून कारकिर्दीचा तोल कागदावर सौदीकडे झुकलेला दिसतो. बैरूतमधल्या हंगामांची जागा ‘माहिती उपलब्ध नाही’ म्हणून स्पष्ट दाखवा.

कामाचा तक्ता

साधी स्प्रेडशीट पुरते. एक सामना, एक ओळ. रकाने असे: तारीख, शहर, प्रतिस्पर्धी, स्पर्धा, पातळी, सुरुवातीपासून की बदली, कितव्या मिनिटाला आत-बाहेर, गोल, पहिला दुवा, दुसरा दुवा, शेरा. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा. अमेरिकी आणि लेबनीज पद्धत मिसळली की ३ एप्रिलचा ४ मार्च होतो आणि एकच सामना दोनदा मोजला जातो. सुरुवातीपासून खेळून ६३व्या मिनिटाला बाहेर गेली तर ६३, त्याच मिनिटाला आत आली तर २७. भरपाई वेळ धरू नका, सगळे आकडेकोश ती एकसारखी मोजत नाहीत. शेऱ्यात तीनच शब्द वापरा: पक्का, एकेरी, वादग्रस्त. दोन स्वतंत्र दुवे असतील तरच पक्का. विकिपीडिया आणि त्याने ज्या बातमीचा दाखला दिला ती बातमी, हे दोन दुवे नव्हेत, एकच आहे.

आरएसएसएसएफवरून सांगाडा, आशियाई महासंघाच्या अहवालांवरून याद्या, विकिपीडियाच्या तळटिपांवरून बातम्या, आणि उरलेली भोकं समाजमाध्यमांवरच्या चित्रांवरून, हा क्रम पाळला तर नेहमी खेळणाऱ्या खेळाडूचाही तक्ता आठवड्याच्या मोकळ्या संध्याकाळींत होतो. त्यातले ‘एकेरी’ सामने बहुधा मैत्रीपूर्णच निघतात.

चूक सापडली तर कळवण्याच्या बाबतीतही सेवांमध्ये फरक आहे. आरएसएसएसएफच्या पानावर लेखकाचं नाव असतं. सामन्याचा दुवा जोडून मोजक्या शब्दांत पत्र पाठवायचं. विकिपीडियावर स्वतः बदलता येतं, पण आकडा बदलताना तळटीप आणि चौकटीची तारीख दोन्ही बदला, नाहीतर पुढचा संपादक तुमचा बदल उलटवतो. आकडेकोशांना खेळाडूची एकूण बेरीज चुकली असं कळवून काही होत नाही. कुठल्या सामन्याची संघयादी गहाळ आहे ते तारखेसह कळवावं लागतं, आणि सोबत यादीचं चित्र जोडावं लागतं.